मंगळावरचें बुद्धिबळ

माजी विद्यार्थ्यांनीं आपापल्या छंदाविषयीं कांहीं लिहून पाठवावें, असें वार्षिकाच्या संपादकांचें पत्र आलें, तेव्हां प्रथम मला संकोचच वाटला. कोणी तिकिटें जमवितो, कोणी अंगणांत गुलाब लावतो; असल्या छंदांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. माझा छंद सांगूं लागलों कीं ऐकणारा आधीं हंसतो, आणि मग ‘पण त्याचा उपयोग काय?’ असें विचारतो. ज्या वस्तु जगांत कधींच नव्हत्या, केवळ कोणा कादंबरीकाराच्या किंवा चित्रपटकाराच्या कल्पनेंत होत्या, त्या मी लांकडाच्या, पितळेच्या व पत्र्याच्या करतों. विज्ञानकथांचे वेडे रसिक त्या हौसेनें घेतात. पाटबंधारे खात्यांत आरेखक म्हणून माझी सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्यापासून घरामागच्या पडवींत एक लहानसें कातयंत्र, दोन रंधे, चार पटाश्या, कांहीं कानशी व सरसाचें भांडें एवढ्या भांडवलावर हा उद्योग चालला आहे. त्यांतून लांकडाचा खर्च सुटतो. श्रमाचा हिशेब मी मांडीत नाहीं, व सौभाग्यवतीहि आतां विचारीत नाहीं.

या वेडाचे लोक जगभर आहेत, आणि त्यांच्या गोष्टी मोठ्या मौजेच्या आहेत. १९७७ सालीं ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट निघाला. त्यांतील नायकाच्या हातीं प्रकाशाचें पातें असलेलें एक खड्ग आहे. त्या खड्गाची मूठ म्हणजे जुन्या वृत्तपत्रछायाचित्रकारांच्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याला लावावयाच्या दिव्याची दांडी होय! रॉजर ख्रिश्चन या सजावटकाराला त्या दांड्या लंडनमधील छायाचित्रणाच्या एका दुकानांत सांपडल्या. त्यानें त्यांवर रबराच्या पट्ट्या चिकटविल्या, आणि शस्त्र तयार झालें. आज त्या दांड्यांसाठीं छांदिष्टांची इतकी धांवपळ चालते कीं जुने कॅमेरे जमविणारे बिचारे कपाळाला हात लावून बसतात. त्याच चित्रपटांतील आर्टू-डीटू हा बुटका यंत्रमानव घरच्या घरीं हुबेहूब बनविणारांचें तर एक मंडळच आहे. २०१३ सालीं जर्मनींतील रसिकांच्या मेळाव्यांत त्यांचें काम चित्रपटाच्या निर्मातींनीं पाहिलें, आणि २०१५ च्या नव्या चित्रपटासाठीं तो यंत्रमानव तयार करण्याचें काम दोघां ब्रिटिश छांदिष्टांकडे आलें. हौशी माणसाला याहून मोठें बक्षीस तें कोणतें?

‘स्टार ट्रेक’ या १९६६ पासूनच्या दूरचित्रवाणी मालिकेंत अंतराळयानांतील मंडळी तीन मजली पटावर बुद्धिबळ खेळतात. तो पट बाजारांत मिळणाऱ्या दुसऱ्या खेळांचे भाग जुळवून केलेला होता, आणि त्याला नियम असे नव्हतेच. पुढें १९७५ सालीं निघालेल्या एका पुस्तकांत त्याची आकृति व मांडणी आली, आणि १९७६ सालीं एका रसिकानें बसून नियम रचले. म्हणजे येथें वस्तु आधीं झाली व नियम मागून आले.

मला ज्या खेळाविषयीं सांगावयाचें आहे, त्याची कथा याच्या अगदीं उलट आहे. तेथें नियम छापलेले होते. वस्तु मात्र नव्हती. एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाचें नांव टारझनमुळें सर्वांच्या कानांवर आहे. त्यानें मंगळ ग्रहावरील साहसांच्याहि कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकीं ‘द चेसमेन ऑफ मार्स’ ही १९२२ सालीं आधीं एका साप्ताहिकांतून व मग पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. आरंभीं लेखक स्वतः बुद्धिबळांत हरून बसलेला असतो, तोंच मंगळावरून जॉन कार्टर येतो व तिकडच्या ‘जेतान’ नांवाच्या खेळाची गोष्ट सांगतो. मनाटोर नांवाच्या नगरींत हा खेळ जिवंत माणसांनिशीं खेळला जातो. मोहरा दुसऱ्याच्या घरांत शिरला कीं त्या दोघांनीं तलवारीनें लढावयाचें. जो उरेल त्याचें तें घर. पुस्तकाच्या शेवटीं वाचकांना घरीं खेळतां यावा म्हणून सारे नियम परिशिष्टरूपानें दिले आहेत.

हें पुस्तक मला मिळालें तें याच शाळेच्या ग्रंथालयांत, १९७२ सालीं, मी नववींत असतांना. कोणा सद्गृहस्थानें देणगी दिलेल्या गठ्ठ्यांत तें आलें होतें. त्याची पाठ उसवलेली होती. मीं तें तीन रात्रींत वाचून संपविलें, आणि परिशिष्टाशीं येऊन थांबलों. शंभर घरांचा काळा-नारिंगी पट. एकाकडे वीस काळे मोहरे, दुसऱ्याकडे वीस नारिंगी. मागल्या रांगेंत मधोमध नायक व राजकन्या, आणि दोहों बाजूंस उड्डाणयान, द्वार, पद्वार व योद्धा. पुढल्या रांगेंत आठ पांथन व दोन टोकांना दोन थोट. राजकन्येच्या घरांत शत्रूचा कोणताहि मोहरा आला, किंवा नायकानें नायकाला मारलें, तर डाव जिंकला. नायकाला दुसऱ्या कोणीं मारलें तर डाव बरोबरींत. राजकन्येनें कोणाला मारावयाचें नाहीं. मात्र साऱ्या डावांत एकदां तिला दहा घरें पळून जातां येतें, त्या चालीचें नांव ‘पलायन’.

लेखकाला मराठीचा गंध असण्याचें कारण नव्हतें, पण या नांवांनीं वसतिगृहांत जी करमणूक झाली ती विचारूं नका. ‘द्वार’ म्हणजे मंगळावरचा सेनाधिकारी. त्याला आम्ही दरवाजा म्हणूं लागलों. ‘पांथन’ म्हणजे पैसे घेऊन कोणाच्याहि बाजूनें लढणारा भटका शिपाई. तो तर आमच्या पांथस्थाचा सख्खा भाऊच. आणि ‘थोट’ हें आठ पायांचें वाहन! आठ पाय असलेल्या जनावराला थोटें म्हणावें, यापरता विनोद आम्हांला त्या वयांत दुसरा सुचण्यासारखा नव्हता.

माझा खोलीसोबती इंग्रजींत माझ्याहून चांगला होता, परंतु कादंबऱ्या वाचीत नसे. कोणतीहि गोष्ट तो ओळीवर बोट ठेवून विचारीत असे, म्हणून त्याला सारे ‘वकील’ म्हणत. आम्ही दोघांनीं मिळून पहिला संच केला. पट एका खोक्याच्या झांकणाचा. काळीं घरें दौतीच्या शाईनें व नारिंगी घरें शेंदूर कालवून रंगविलेलीं. मोहरे म्हणजे शिवणवर्गांतून मागून आणलेलीं दोऱ्याचीं रिळें. ग्रंथांत मोहऱ्यांना शिरावरील पिसांवरून ओळखावयाचें आहे. आम्हीं आगपेटीच्या काड्या खोंचल्या. पांथन म्हणून चिंचोके ठेवले. खेळ मुलांना इतका आवडला कीं नियम मराठींत लिहून भिंतीवर लावावे, असें ठरलें, आणि तें काम मीं अंगावर घेतलें.

येथेंच मूळ गोष्ट आहे. परिशिष्टांत द्वाराची चाल दिली आहे ती अशी, कीं सरळ रेषेंत, कोणत्याहि दिशेनें किंवा वळून, तीन घरें. मीं भिंतीवरच्या कागदांत लिहिलें, ‘तीन घरांपर्यंत.’ जाणूनबुजून लिहिलें नाहीं. बुद्धिबळांत हत्ती जातो तो पाहिजे तेथपर्यंत जातो, ती संवय हाताला होती. ‘पर्यंत’ हा शब्द लेखणींतून आपोआप उतरला. साऱ्या मोहऱ्यांना मीं तो लावला, आणि वसतिगृह त्याप्रमाणें खेळूं लागलें.

पुढें सोळा मुलांनीं वर्गणी काढून सामने लावले. बक्षीस म्हणून एक शाईचें पेन आणलें. अखेरचा डाव वकिलाचा व माझा पडला. त्याच्या राजकन्येचें पलायन होऊन गेलें होतें आणि ती कोपऱ्यांत उभी होती. माझा द्वार तिच्या लगतच्या घरांत, सरळ रेषेंत. तीन पावलें पुरीं करावयाचीं तर वळसा घालून यावें लागलें असतें, आणि त्या वळशाच्या वाटेवर त्याचा चिंचोका उभा होता. परंतु मला वळसा घालण्याचें कारणच काय? मीं द्वार उचलला, एक घर पुढें सरकविला आणि राजकन्येच्या रिळाशेजारीं ठेवला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

वकील कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो ग्रंथालयांतून पुस्तक घेऊन आला, परिशिष्ट उघडलें व ओळीवर बोट ठेवलें.

“यांत ‘पर्यंत’ कोठें आहे रे?”

मीं म्हटलें, “अर्थ तोच आहे.”

“मग उदाहरण पाहा. उत्तरेस तीन, नाहीं तर उत्तरेस एक आणि पूर्वेस दोन. बेरीज दोन्हीकडे तीनच.”

“भाषांतरांत थोडें इकडेतिकडे होतें.”

“होऊं दे ना. पण मग तो शब्द माझा आहे, असें खालीं लिहायचें होतेंस.”

तो बरोबर बोलत होता. मी मात्र उठून म्हणालों, “हरल्यावर सगळ्यांनाच व्याकरण येतें.” चार मुलें ऐकत होतीं, तीं हंसलीं. त्यानें पुस्तक मिटलें. त्या आठवड्यांत अधीक्षकांना सांगून त्यानें खोली बदलून घेतली. पुढें दीड वर्ष आम्ही एका वर्गांत बसलों, आणि मॅट्रिकच्या परीक्षेनंतर त्यानें मला कधीं पाहिलें नाहीं, मींहि त्याला नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे, जी आजवर कोणाला सांगितली नाहीं. अखेरच्या डावाच्या आदल्या रात्रीं नायकाच्या चालीविषयीं शंका आली म्हणून मीं तें परिशिष्ट पुन्हां उघडलें होतें. ‘पर्यंत’ तेथें नाहीं, हें मला तेव्हांच दिसलें होतें. डाव झाल्यावर सांगूं, असें म्हणून मीं पुस्तक ठेवून दिलें. भाषांतर करतांना झालेली ती चूक होती. दुसऱ्या दिवशीं द्वार एक घर सरकविला ती चूक नव्हती. पेन मीं घेतलें, पण त्यानें परीक्षेचा एकहि पेपर लिहिला नाहीं. तें पेटीच्या तळाशीं पडून राहिलें.

नोकरींत बदल्या होत गेल्या, खेळ विसरला. मध्यें कांहीं वर्षें सावंतवाडीकडे होतों. तेथील लांकडी खेळणीं व गंजिफा प्रसिद्धच आहेत. चितार आळींतील एका वृद्ध कारागिराच्या पडवींत मी सुटीच्या दिवशीं जाऊन बसत असें. फिरत्या लांकडावर लाखेची कांडी टेकविली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून कशी सर्वत्र बसते, आणि मग केवड्याचें पान दाबून धरलें कीं तिला कशी चकाकी येते, हें मीं तेथें शिकलों. कातलेला पहिला नग पाहून त्या वृद्धानें विचारलें, “हें काय केलंत?” बुद्धिबळांतील कोणताच मोहरा तो नव्हता. हातानें आपण होऊन द्वार घडविला होता.

निवृत्तीनंतर मीं पुरा संच करावयास घेतला, तेव्हां कळलें कीं लेखकाला ज्या गोष्टी मोघम ठेवतां येतात त्या सुताराला येत नाहींत. योद्ध्याला दोन पिसें व पद्वारालाहि दोनच पिसें, असें ग्रंथांत आहे. वाचतांना कांहीं खटकत नाहीं. पटावर ठेवल्यावर दोघांना ओळखावें कसें? योद्धा सरळ चालतो, पद्वार तिरपा. म्हणून मीं योद्ध्याचीं पिसें उभीं ठेवलीं व पद्वाराचीं तिरपीं खोंचलीं. नारिंगी मोहरा नारिंगी घरांत दिसेनासा होतो, म्हणून प्रत्येकाच्या बुडाशीं विरुद्ध रंगाची एक कड दिली. नायकाच्या मुकुटांत दहा रत्नें सांगितलीं आहेत. अंगठ्याएवढ्या मोहऱ्याच्या डोक्यावर दहा रत्नें! मोहरीएवढे कांचमणी चिमट्यानें बसवितांना दोन नायक माझ्या हातून फुटले. उड्डाणयानाला तीन पात्यांचा पंखा, तो पातळ पितळी पत्र्याचा केला. थोटाचे आठ पाय सुटे कोरले तर लांकडाच्या रेषेवर हटकून तुटतात, म्हणून ते जोडीजोडीनें चिकटलेले ठेवले. दुरून चारच दिसतात, पण मोजणाराला आठ सांपडतात. काळ्या मोहऱ्यांना शिसव व नारिंगीला हेदाचें पिंवळें लांकूड, त्यावर लाख. एका संचाला दीड महिना लागतो.

माझ्या आधीं हा उद्योग करणारे पुष्कळ होऊन गेले. बरोज यांच्या चरित्रांत एका बंदिवानाच्या पत्राचा उल्लेख आहे. कान्सास राज्यांतील लेव्हनवर्थच्या कारागृहांत त्यानें व त्याच्या सोबत्यानें लांकडांतून जेतानचे सारे मोहरे कोरले होते, आणि तसें त्यानें लेखकाला कळविलें. तेथें पंखा कशाचा केला असेल, रंग कोठून आणला असेल, असा विचार काम करतांना मनांत येतो. त्यांच्याजवळ वेळ मात्र पुष्कळ असला पाहिजे.

पहिला संच पुरा झाला, पेटी झाली, आणि मग पेटींत घालावयाचा नियमांचा कागद लिहावयास बसलों. मराठी व इंग्रजी, दोन्ही भाषांत द्यावयाचा होता. द्वारापाशीं आलों आणि हात थांबला. आज या खेळाच्या जाणकारांतहि या गोष्टीवर दोन पक्ष आहेत. कोणी तीन म्हणजे नेमकीं तीनच घरें मानतात, कोणी तिनापर्यंत कितीहि. दुसऱ्या रीतीनें खेळ सोपा होतो व मोकळा वाटतो. गिऱ्हाइकांना बहुधा तीच आवडते. तेव्हां माझें मुळीं चुकलेंच नव्हतें, असें म्हणण्याची पन्नास वर्षांनीं चांगली सोय झाली होती. संध्याकाळपर्यंत मीं तीन कागद फाडले. शेवटीं लिहिलें, “द्वार: सरळ, तीन घरें. कांहीं लोक ‘तीन घरांपर्यंत’ असें खेळतात; तो ‘पर्यंत’ मूळ ग्रंथांत नाहीं. डाव मांडण्यापूर्वीं दोघांनीं ठरवून घ्यावें.” पुढें प्रत्येक संचांत हाच कागद गेला आहे. बंगळूरच्या एका तरुण गिऱ्हाइकानें मला कळविलें कीं आपला कागद फार भांडखोर आहे. असेल.

वकिलाचा पत्ता मला गेल्या वर्षीं माजी विद्यार्थ्यांच्या यादींत मिळाला. कोल्हापुराकडे त्यानें औषधांचें दुकान चालविलें; आतां तें मुलगा पाहतो. मीं नवा संच केला, नेहमींपेक्षां सावकाश, आणि पेटींत ठेवला. नियमांच्या कागदामागें आदल्या रात्रीची हकीकत लिहिली. फार लांबविली नाहीं, कारण वकिलाला पाल्हाळ खपत नसे. मोहऱ्यांच्या खणांत पेन ठेवलें. टपालानें पार्सल रवाना केलें आणि वाट पाहिली.

एक महिना गेला, दोन गेले. सौभाग्यवती म्हणाली, “पोंचलें नसेल.” मला ठाऊक होतें कीं पोंचलें आहे, पोंच माझ्या हातीं होती. दुसऱ्याचें दुखणें आपण आपल्या सोयीच्या वेळीं उकरावें आणि त्यानें ताबडतोब उत्तर द्यावें, ही अपेक्षा तरी कोणत्या नियमांत बसते? मीं दुसऱ्या कामाला हात घातला.

तिसऱ्या महिन्यांत एक पोस्टकार्ड आलें. वर नांव नाहीं, नमस्कार नाहीं. “काळे माझ्याकडे. डावीकडून चौथा पांथन, एक घर पुढें. तीन म्हणजे तीन.” एवढेंच. अक्षर थरथरतें होतें, पण निळ्या शाईचें होतें, आणि ओळी जरा जाड होत्या; जुन्या पेनाला नवी निब बसविली म्हणजे होतात तशा.

तेव्हांपासून डाव चालू आहे. पत्रांत खेळीखेरीज तो कांहीं लिहीत नाहीं. एकदांच त्यानें खालच्या कोपऱ्यांत लिहिलें होतें कीं थोटाचे पाय नातवानें मोजले, आठ भरले. आजवर त्याच्या अकरा खेळ्या झाल्या. दहावींत त्यानें माझा एक पांथन मारला. त्याची राजकन्या अजून आपल्या घरांत आहे, व तिचें पलायन शिल्लक आहे. माझा उजवीकडचा द्वार माझ्याच पांथनामागें अडकून बसला आहे. तीन घरें पुरीं होतील अशी वाट त्याला सांपडत नाहीं. आधीं पांथन हलवावा कीं थोट पुढें काढावा, याचा विचार दोन दिवस चालला आहे. उद्यां टपाल निघण्यापूर्वीं ठरविलें पाहिजे.